खुलासा : ते कमळ नाही, ससाणा आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. पांढरीशुभ्र इमारत हळूहळू उलगडते, खाली मजकूर: ‘दुबईत उमललं आपलं कमळ! कल्पना किल्ल्यातल्या कमल बस्तीवरून. ऊन लागताच पाकळ्या आपोआप उघडतात.’ (किल्ला म्हणजे बेळगावचा, कमल बस्ती हे तिथलं जुनं जैन मंदिर.)

व्हिडिओ खरा, मजकूर बनावट. ही इमारत म्हणजे दुबई एक्स्पो २०२० मधलं संयुक्त अरब अमिरातीचं दालन (कोविडमुळे एक्स्पो भरलं २०२१ च्या ऑक्टोबरात). वास्तुविशारद सांतियागो कालात्रावा, स्पेनचे. आकार झेपावणाऱ्या ससाण्याचा, जो तिथला राष्ट्रीय पक्षी. छतावर २८ पंख आहेत. ते उन्हाने फुलत नाहीत, हायड्रॉलिक यंत्रणा त्यांना उचलते. पंख वर गेले की खालची सौर पॅनेलं उन्हात येतात. मिटले की वाळूच्या वादळापासून त्यांचा बचाव होतो. नुसती शोभा नाही, हे मला विशेष वाटतं.

आता कमल बस्ती. रट्ट राजघराण्याच्या काळात, १२०४ मध्ये उभं राहिलेलं हे जैन मंदिर. इथलं कमळ बाहेरून दिसतच नाही. मंडपाच्या छतातून ते खाली झुकलेलं आहे, मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. सगळं दगडी कोरीवकाम, एक पाकळी हलत नाही. बाहेरून दिसणारं कमळच फॉरवर्ड करायचं असेल तर दिल्लीतलं बहाई मंदिर घ्या: १९८६, वास्तुविशारद फरीबुर्झ साहबा, संगमरवरी २७ पाकळ्या. त्याही उघडमीट करत नाहीत.