निकाल लागेपर्यंत

कर्जापायी घर गमावलेल्या त्या कुटुंबाची बातमी सगळ्यांनीच सकाळी वाचली असल्यामुळे संध्याकाळी कट्ट्यावर ती कोणाला सांगावी लागली नाही. दोष कोणाचा, इथूनच सुरुवात झाली. "ज्याचे आयुष्य, त्याची जबाबदारी, शंभर टक्के," असे भाऊसाहेबांनी जाहीर केले. व्यक्तिमत्त्व विकासाच्या तीन दिवसांच्या शिबिराहून परतल्यापासून भाऊसाहेब बोलत नाहीत, जाहीर करतात, आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी थोडी जागा सोडतात.

ती जागा वकिलांनी भरून काढली. "सही घेताना करारातली बारीक अक्षरे कोणी वाचून दाखवत नाही, व्याजाचा फास कसा आवळतो ते कोणी समजावत नाही, आणि नोकरी काही माणूस हौसेने घालवत नाही, मग सगळा भार एकट्या कर्जदारावर कसा?" मुद्दा बिनतोड होता. फक्त वकील तो स्वतःच्या बाबतीतही वापरतात, हीच अडचण आहे. वाहन चालवण्याच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले, तेव्हा पहिल्यांदा परीक्षक, दुसऱ्यांदा गाडी आणि तिसऱ्यांदा रस्त्याचा उतार दोषी ठरला होता. चौथ्या वेळी नेमके काय बदलले, असे मी मुद्दाम विचारल्यावर त्यांनी बराच वेळ घेतला आणि "आरशात बघायला शिकलो," एवढे कबूल केले.

हशा ओसरल्यावर मास्तरांनी, म्हणजे आमच्यातल्या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी, 1967 साली प्रसिद्ध झालेला मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांचा प्रयोग काढला. काहीही केले तरी विजेचा झटका थांबत नाही, हा अनुभव ज्या कुत्र्यांनी घेतला होता, त्यांच्यापैकी बहुतेक पुढे बुटका अडथळा ओलांडून सहज सुटता येत असतानाही झटके सोसत जागीच पडून राहिले. "मानसिकता! त्यांची मानसिकताच नकारात्मक होती!" असे भाऊसाहेब ओरडले, तेव्हा पुढच्या शिबिरात कुत्र्यांना सवलत मिळेल का, अशी चौकशी वकिलांनी केली.

मास्तर शांतपणे पुढे म्हणाले, "ती कुत्री उपदेशाने उठली नाहीत, आमिषानेही उठली नाहीत. त्यांना पट्टा धरून अडथळ्यापलीकडे पुन्हा पुन्हा ओढून न्यावे लागले, तेव्हा कुठे सुटका आपल्या पायांत आहे हे त्यांना उमगले. आणि सुमारे पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी आपला जुना निष्कर्ष फिरवला. हतबलता शिकावी लागत नाही, लांबलेल्या त्रासात ती आपोआपच येते. आपल्या हातात काही आहे, हे मात्र शिकावे लागते, असे ते म्हणू लागले." स्वतःचेच गाजलेले म्हणणे असे मागे घेणारी माणसे मला फार आवडतात, आमच्या कट्ट्यावर तसा एकही नाही.

इतका वेळ गप्प असलेल्या अक्का तेव्हा बोलल्या. रुग्णालयात परिचारिका म्हणून उभे आयुष्य काढलेल्या अक्कांच्या क्रेडिट कार्डाचे प्रकरण आम्हांला माहीत होते, पण त्यातले गणित त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले. "महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36, असे मी धरून चालले होते. चक्रवाढीने ते साडेबेचाळीसच्या वर जाते, आणि काहीच भरले नाही तर 24 महिन्यांत देणे दुप्पट होते. मी दरमहा किमान रक्कम इमानाने भरत होते, म्हणजे शंभरामागे 5 देत होते. त्यांतले 3 व्याजातच जात होते, आणि वर मी नवी खरेदी करत होते. हे कळल्यावर कार्ड कपाटात गेले, आणि जास्त व्याजाचे देणे आधी फेडायला घेतले."

"पण असे व्याज लावणाऱ्याला जाब नको का विचारायला?" वकिलांनी हरकत घेतली.

"जरूर विचारा, मी साक्षीला येते. पण वकीलसाहेब, खड्डा कोणी खणला याचा निकाल लागेपर्यंत मी खड्ड्यातच बसून राहायचे का? तुमचे खटले किती वर्षे चालतात, ते मला ठाऊक आहे."

वकिलांकडे उत्तर नव्हते, आणि तेवढ्यावरच भाऊसाहेबांनी विजय साजरा करायला घेतला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच!"

"मुळीच नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्ही काठावर उभे राहून 'उडी मार' म्हणता. मला ही आकडेमोड शेजारच्या मुलीने तीन संध्याकाळ शेजारी बसून शिकवली, आणि एकदाही 'इतके कसे कळले नाही' असे म्हटले नाही. तसे म्हटले असते, तर मी दुसऱ्या दिवशी वही उघडली नसती."

मास्तरांनी मान डोलावली आणि दुसऱ्याची चूक आपण त्याच्या स्वभावावर ढकलतो, त्याची परिस्थिती मात्र नजरेआड करतो, या प्रवृत्तीला ली रॉस यांनी 1977 मध्ये नाव दिल्याचे सांगायला सुरुवात केली. ते नाव ऐकायचे राहूनच गेले, कारण भाऊसाहेबांचा फोन वाजला. पलीकडून वहिनींचा आवाज आम्हां सर्वांपर्यंत स्पष्ट पोहोचत होता. सातला येतो म्हणून सांगितलेला माणूस नऊ वाजले तरी घरी नव्हता. भाऊसाहेब कट्ट्याकडे पाठ करून, आवाज शक्य तितका खाली आणून म्हणाले, "अगं, माझा काहीच दोष नाही, या मंडळींनी मला उठूच दिले नाही."

"शंभर टक्के," असे अक्का पुटपुटल्या, आणि वकिलांनी वकीलपत्रावर सही कुठे करायची ते विचारले.