पिकअप हरवला आहे

गाडीचा पिकअप गेलाय हे मालकाच्या आधी मागच्या ट्रकवाल्याला कळतं. माल भरलेला ट्रक चढावर मला बाजूला व्हायला हॉर्न देऊ लागला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे एवढं माझ्याही ध्यानात आलं.

सपाटीवर गाडी गुणाची. स्टार्ट एका झटक्यात, आवाज नाही, थरथर नाही. चढ लागला की मात्र ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवावा आणि गाडीने त्यावर विचार करून कळवते म्हणावं. चौथ्याचा तिसरा, तिसऱ्याचा दुसरा, आणि मागे काळ्या धुराचा लोट. शेजारी बसलेली माणसं अशा वेळी सीटवर थोडी पुढे सरकतात. त्याने गाडीला नेमकी काय मदत होते कोण जाणे, पण मीही सरकायचो.

अशी गाडी जवळ असली की सल्ल्याला तोटा नसतो. मेव्हण्याची सगळी श्रद्धा एअर फिल्टरवर. त्याने बॉनेट उघडून फिल्टर काढला, जमिनीवर आपटला, उन्हात धरून डोळा लावला आणि म्हणाला, ‘‘दाजी, पलीकडचं काही दिसत नाही.’’ नवा फिल्टर आला, पाठोपाठ डिझेल फिल्टरही आला. चढ होता तसाच राहिला.

ऑफिसातला मित्र क्लचवाला. त्याची परीक्षा मला आवडली, कारण तिला पैसे पडत नाहीत. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात एकदम फुल रेस द्यायची. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा टणकन वर गेला आणि स्पीडचा जागीच राहिला, तर क्लच प्लेट घसरतेय. आमचे दोन्ही काटे सारख्याच आळसाने हलले. क्लच निर्दोष सुटला. ब्रेक चिकटतोय का, हेही पाहून झालं: थोडं अंतर चालवून थांबायचं आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन एखादं जास्त तापलंय का ते बघायचं. भर रस्त्यात चारही चाकांपुढे वाकून हात धरणारा माणूस लोकांना कसा दिसतो, ते मी सांगत बसत नाही.

शेजारचे काका मात्र एकाच मुद्द्यावर ठाम. ‘‘हवा कमी आहे रे,’’ टायरला चपलेने टोकरत ते म्हणाले. हवा भरली. स्टेअरिंग हलकं झालं, गाडी नाही.

‘‘आधी डिकीतल्या त्या फरश्या काढ,’’ बायको म्हणाली. मी कागद घेऊन हिशेबच मांडला. दीड टनाची गाडी 10 टक्के चढावर ताशी 50 किलोमीटरने न्यायची, तर नुसतं वर चढण्यातच सुमारे 20 किलोवॅट, म्हणजे 27 अश्वशक्ती खर्ची पडते. वारा आणि टायरचं घर्षण त्यावर वेगळं. 40 किलोच्या फरश्या काढून त्यातली पाऊण अश्वशक्ती वाचणार. ‘‘मग काढ ना,’’ ती म्हणाली. काढल्या.

गॅरेजात नवीच अडचण. गाडी तिथे शिरली की साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो तशी वागायची. पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला, ‘‘टर्बो गेला साहेब, नवाच टाका.’’ टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लावून बघता का, विचारलं, तर म्हणाला, ‘‘अनुभव आहे.’’ टर्बोच्या किमतीत त्याचा अनुभव विकत घ्यायची माझी तयारी नव्हती.

दुसरा मेकॅनिक अबोल. स्कॅनर जोडला, बिघाडाचा एकही कोड आला नाही, तरी गडी हलेना. ‘‘उभ्या गाडीत काय दिसणार? चढावर चला,’’ म्हणाला आणि स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसला. चढ लागला, मी फुल रेस दिली. स्क्रीनवर दोन आकडे पळत होते: इंजिनाने मागितलेला हवेचा दाब 2 बार, प्रत्यक्षात मिळालेला जेमतेम 1.4. ‘‘खिडकी उघडा,’’ तो म्हणाला. बॉनेटखालून बारीक ‘फुस्स’ ऐकू येत होतं. पाय काढला की बंद, दाबला की पुन्हा सुरू.

कडेला थांबून त्याने टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या जाड रबरी होसखाली हात घातला आणि बोटं माझ्यापुढे धरली: काळं, तेलकट, धूळ मिसळलेलं. टर्बोतून हवेसोबत तेलाचा थोडा ओलावा येतोच, आणि जिथून हवा निसटते तिथे तो बाहेर धूळ धरतो. क्लिपच्या अगदी कडेला, खालच्या अंगाला चीर होती. वरून बघणाऱ्याला ती जन्मात दिसली नसती. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, टर्बोचा दाब जवळजवळ नसतो, तेव्हा चीर मिटलेली. चढावर दाब वाढला की ती तोंड उघडायची आणि मोजून आत घेतलेली हवा सिलिंडरपर्यंत पोचायच्या आधीच पसार. डिझेल पुरेसं, हवा अपुरी, म्हणून तो काळा धूर. टर्बो बिचारा जीव तोडून फुंकत होता.

नवा होस, दोन नव्या क्लिपा. जुना पाइप मी मागून घेतला आणि येईल त्याला चीर ताणून दाखवू लागलो. मेव्हण्याने बघून मान हलवली, ‘‘फिल्टर बदलला म्हणूनच ही सापडली.’’ मित्राच्या मते क्लचचंही एकदा बघायला हवं. आणि काकांनी चिरेत करंगळी घालून शांतपणे विचारलं, ‘‘म्हणजे हवाच कमी होती ना? मग मी दुसरं काय म्हणत होतो?’’