क्लिकचा दर आणि वाया जाणारे क्लिक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

गूगलवरील जाहिरातींचा खर्च छोट्या व्यावसायिकाने कसा आटोक्यात ठेवावा, या माझ्या लेखावर आपण परखड आणि तपशीलवार प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपले थोरले बंधू मिरजेहून हळद पावडरीची पाकिटे घरपोच विकतात. रोजचे बजेट ४०० रुपये ठरवलेले असताना एका दिवशी जवळजवळ ८०० रुपये कापले गेले. क्लिक भरपूर आले, पण ऑर्डरी बोटांवर मोजण्याइतक्याच. मोठ्या ब्रँडांच्या बोलीपुढे, म्हणजे एका क्लिकसाठी ते देऊ करत असलेल्या रकमेपुढे, लहान माणसाचा टिकाव लागत नाही, तेव्हा यापेक्षा वर्तमानपत्रातून पत्रके वाटलेली बरी.

आधी ८०० रुपयांचे पाहू, कारण तो प्रश्न लवकर सुटणारा आहे. गूगल रोजचे बजेट ही सरासरी मानते. ज्या दिवशी शोध जास्त होतात, त्या दिवशी खर्च बजेटच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, मात्र महिन्याचा एकूण खर्च रोजच्या आकड्याच्या ३०.४ पटींवर जाऊ दिला जात नाही. म्हणजे ४०० रुपयांच्या बजेटची खरी मर्यादा महिना १२,१६० रुपये झाली, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. त्यामुळे महिन्याला किती रक्कम गेली तरी चालेल हे आधी ठरवून तिला ३०.४ ने भागावे आणि येईल तो आकडा बजेट म्हणून लिहावा. उलट हिशेब केला की महिनाअखेरीस धक्का बसतो.

आता मुख्य मुद्दा. बंधूंनी 'हळद' आणि 'सांगली हळद' हे दोनच शब्द ब्रॉड मॅचवर (म्हणजे त्या शब्दाशी कसाही संबंध असलेल्या शोधांवर जाहिरात दिसेल असे) ठेवले होते, असे आपण लिहिले आहे आणि शोधशब्दांच्या अहवालातल्या, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केल्यावर जाहिरात दिसली त्या यादीतल्या, काही ओळीही दिल्या आहेत : 'सांगली हळद भाव आज', 'मार्केट यार्ड हळद सौदे', 'सेलम हळद बियाणे', 'हळदी समारंभ डेकोरेशन'. माझ्या मते सगळे दुखणे या चार ओळींत आहे. आपल्या भागात गूगलवर 'हळद' शोधणारा माणूस बहुधा गिऱ्हाईक नसतोच. तो सौद्याला माल न्यायच्या तयारीतला शेतकरी असतो, अडत्या असतो, नाहीतर लग्नघरातले कोणीतरी असते. या मंडळींनी जाहिरातीवर बोट ठेवले की पैसे बंधूंचे जातात, आणि क्लिकचा दर कितीही खाली आणला तरी ते वायाच जातात. बोली कमी करून खर्च वाचवण्याचा जो मार्ग त्यांनी धरला, त्याने फक्त वाया जाणे स्वस्त झाले.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. दर आठवड्याला हा अहवाल मालकाने स्वतः वाचायचा आणि नको असलेले शब्द नकारात्मक कीवर्डच्या यादीत, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दाखवू नये त्यांच्या यादीत, टाकायचे. इथे एक खाच आहे. नकारात्मक शब्दाला समानार्थी शब्द गूगल आपणहून जोडत नाही. 'भाव' अडवला म्हणून 'दर' अडत नाही, 'दर' अडवला म्हणून 'रेट' अडत नाही, आणि आपल्याकडे बरेच लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, त्यामुळे प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत द्यावा लागतो. शिवाय फार थोड्या लोकांनी केलेले शोध अहवालात दिसतच नाहीत, म्हणून मुळातच 'राजापुरी हळद पावडर', 'वर्षाची हळद ऑनलाइन' असे खरेदीचा हेतू दाखवणारे शब्द फ्रेज मॅचवर (तोच अर्थ असलेल्या शोधांपुरते) किंवा एक्झॅक्ट मॅचवर (नेमक्या त्याच शोधापुरते) ठेवणे शहाणपणाचे.

पत्रकांबद्दल मी आपल्याशी सहमत आहे, पण ते सांगली-मिरजेपुरते. उलट मी पुढे जाऊन म्हणेन की ऑनलाइन जाहिरातीतून सांगली जिल्हा वगळूनच टाकावा. ज्या गावात प्रत्येक किराणा दुकानात चांगली हळद मिळते, तिथे कुरिअरने कोण मागवणार? जाहिरात पुणे, ठाणे, मुंबईत दाखवावी, आणि ठिकाणाच्या सेटिंगमध्ये त्या भागात 'रस असलेले' लोक हा आपोआप निवडलेला पर्याय बदलून केवळ तिथे असलेले लोक निवडावेत.

मोठ्या ब्रँडांची भीती मला थोडी अतिशयोक्त वाटते. जाहिरातीचा क्रम एकट्या बोलीवर ठरत नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करण्याची शक्यता किती आणि उघडणारे पान किती उपयोगी आहे, यांनाही वजन असते. बंधूंच्या जाहिरातीवरून 'आमच्याविषयी' हे पान उघडते, असे आपणच लिहिले आहे. ज्याला पाव किलोचा भाव आणि ऑर्डरचे बटण हवे आहे, त्याला आपण घराण्याचा इतिहास वाचायला देतो, आणि त्याचे पैसेही आपणच भरतो. शेजारचा व्यापारी मुद्दाम क्लिक करत असल्याची शंका मात्र सोडून द्यावी. असे अवैध क्लिक गूगलकडून बहुतांशी गाळले जातात आणि त्यांचा रकाना खात्यात पाहता येतो.

तरीही प्रत्येक मालाला ही जाहिरात परवडते, असे मी म्हणत नाही. समजा, एक किलोच्या पाकिटामागे कुरिअर वजा जाता ८० रुपये सुटतात आणि शंभर क्लिकमागे तीन ऑर्डरी येतात. मग शंभर क्लिकमधून २४० रुपये मिळाले, म्हणजे क्लिकला २ रुपये ४० पैशांहून जास्त देणे हे पदरचे घालणे झाले. त्याच तीन ऑर्डरी वर्षाच्या पाच किलो हळदीच्या असल्या आणि प्रत्येकीत ४०० रुपये सुटले, तर क्लिकला १२ रुपयांपर्यंत जाता येते. सुट्या पाकिटासाठी जाहिरात करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत्ता मोहीम, म्हणजे ही गूगलवरची जाहिरात, चालू ठेवावी का, या आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. वर्षाचे मसाले आणि हळद भरून ठेवण्याचे दिवस उन्हाळ्याचे. नवी हळद बाजारात आल्यावर फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत पैसे लावावेत आणि पावसाळ्यात मोहीम थांबवावी. थांबवलेल्या मोहिमेला काही आकार पडत नाही आणि तिचे जुने शोधशब्द तेव्हाही वाचता येतात. बंधूंनी मोकळ्या वेळात तेवढी नकारात्मक यादी तयार करून ठेवली, तर ती मला जरूर दाखवावी.