वनहक्क म्हणजे कुऱ्हाडीचा परवाना नव्हे

मावशीने कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: '2006च्या वनहक्क कायद्याने जंगलाची वाट लावली. सामूहिक हक्क म्हणजे गावाला झाडं तोडायची मोकळीक. कुणीही अतिक्रमण करतो, पट्टा मिळवतो आणि विकतो. जंगल फक्त वनखातंच वाचवू शकतं.' मावशीने आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. तिलाही हे खरं वाटावं, याचा मला जास्त संताप आला.

सगळ्यात घातक थाप सामूहिक हक्काची, म्हणून आधी तीच. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांना हक्क देणाऱ्या या कायद्याचं कलम 3 उघडून वाचा. तिथे सामूहिक वनसंसाधनाचं संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क लिहिलाय. कलम 5 प्रमाणे वन्यप्राणी, जंगल आणि जैवविविधतेला बाधा आणणारं काम ग्रामसभा थांबवू शकते. यात मोकळीक कुठे दिसली?

कागद सोडा, गाव बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाला 2012 मध्ये हजारेक हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान, हा उन्हाळ्यातला हमखास रोख पैसा. पण नवी पालवी चांगली फुटावी म्हणून झाडं छाटतात, जंगलात आगी लावतात, आणि फळ धरायच्या आधीच झाड ओरबाडलं जातं. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू तोडणंच बंद केलं. हातातोंडाची गाठ असलेल्या माणसांनी चालू उत्पन्नावर पाणी सोडलं, ते जंगल राहावं म्हणून. बांबू ते तोडतात, पण स्वतः घातलेल्या नियमांनी. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ला हा हक्क 2009 मध्ये मिळाला, तब्बल 1,800 हेक्टरवर. तरी स्वतःचा बांबू बाहेर न्यायला लागणाऱ्या वाहतूक पाससाठी गावाला 2011 पर्यंत झगडावं लागलं. त्याआधी वर्षानुवर्षं तिथला बांबू कागद कारखान्याला जात होता, आणि तो तोडायला परवानगी देणारं सरकारच होतं.

पट्टा, म्हणजे वनजमिनीवरचा कागदोपत्री हक्क, विकतात म्हणे! कलम 4 प्रमाणे ही जमीन वारसाला जाते; विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. 'कुणीही' हेही खोटं. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा लागतो, बिगर आदिवासींना 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि मर्यादा 4 हेक्टरची.

बरं, खोटे दावे झाले, पट्ट्याच्या आशेने 2005 नंतरही काही ठिकाणी जंगल साफ केलं गेलं, हे कबूल करावं लागेल. पण असा दावा याच कायद्याने अपात्र ठरतो. तो फेटाळायचं काम ज्यांचं, त्यांना जाब विचारा.

खाणींबद्दल त्या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याच्या आधारे प्रश्न ग्रामसभांपुढे नेला. डोंगराळ भागातल्या 12 ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी नकार दिला. जानेवारी 2014 मध्ये केंद्राने त्या खाणीला वनमंजुरी नाकारली.