तोब्रुकची मराठा पलटण आणि 'भारतीयांचा मित्र' रोमेल

एक मजकूर दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. सोबत एक कृष्णधवल छायाचित्र असतं: जर्मन फील्ड मार्शल रोमेल आणि त्याच्यासमोर जर्मन गणवेशातले भारतीय सैनिक. खाली लिहिलेलं असतं, थोडक्यात असं: 'एर्विन रोमेल, वाळवंटातला कोल्हा. हिटलरचा सेनापती, पण नाझी कधीच नव्हता. एकही युद्धगुन्हा केला नाही. पेट्रोल मिळालं असतं तर कैरो त्याचंच होतं. हिटलरला मारण्याच्या कटात होता म्हणून विष घ्यावं लागलं. भारतीय जवानांबद्दल त्याला अपार आदर होता.' त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

हे वाचून मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. यातली बरीच वाक्यं अर्धी खरी आहेत, आणि शेवटच्या वाक्यात तर आपल्याच माणसांचा विसर पडलेला आहे.

जे खरं आहे ते आधी मान्य करतो. रोमेल उत्तम लढवय्या होता. १९१७ च्या ऑक्टोबरात इटलीच्या आघाडीवर मातायुर डोंगर घेताना त्याने थोड्याशा पहाडी सैनिकांनिशी, त्याच्याच हिशेबाप्रमाणे, सुमारे ९,००० इटालियन कैद केले. त्याबद्दल त्याला 'पूर ल मेरित' हा त्या काळातला सर्वोच्च जर्मन सन्मान मिळाला. १९४० साली फ्रान्समध्ये त्याची सातवी पँझर (रणगाडा) डिव्हिजन इतकी वेगाने पुढे जात होती की ती नेमकी कुठे आहे हे खुद्द जर्मन मुख्यालयालाही कळत नसे. माणूस आघाडीवर राहून लढायचा, खुर्चीत बसून नव्हे. यावर वाद नाही.

वाद सुरू होतो तो 'नाझी कधीच नव्हता' इथून. पक्षाचा सभासद तो नव्हता, हे बरोबर. पण त्या काळात जर्मन लष्करातल्या सेवेतल्या अधिकाऱ्याला कायद्यानेच कुठल्याही पक्षाचं सभासदत्व घेता येत नसे. तेव्हा सभासद नसणं ही रोमेलची निवड होती, असं सांगणं फसवं आहे. निवड कुठे दिसते ते पाहा. १९३८ साली हिटलरने झेकोस्लोवाकियाचा सुडेटनलँड हा भाग घेतला त्या वेळी हिटलरच्या संरक्षक बटालियनचं नेतृत्व त्याच्याकडे होतं. १९३९ साली प्रागमध्ये आणि मग पोलंडच्या स्वारीत हिटलरच्या फिरत्या मुख्यालयाची सुरक्षा त्याच्याच हाती होती. पत्नी लुसीला लिहिलेल्या पत्रांत हिटलरबद्दलचं कौतुक ओसंडून वाहतं. फेब्रुवारी १९४० मध्ये, रणगाड्यांचा काडीचाही अनुभव नसताना, त्याला पँझर डिव्हिजन मिळाली ती हिटलरच्या मर्जीने. फ्रान्समध्ये त्याच्या सोबत कार्ल हांके होता, आफ्रिकेत आल्फ्रेड-इंगेमार बेर्न्ट. हे दोघेही गोबेल्सच्या प्रचार खात्यातले. 'वाळवंटातला कोल्हा' ही प्रतिमा त्याच्या शेजारच्या गाडीत बसून घडवली जात होती, आणि रोमेलला ती हवीहवीशी वाटत होती. कॅमेऱ्यासाठी लढाईतली दृश्यं पुन्हा करून दाखवण्यातही त्याने कधी कमीपणा मानला नाही.

दुसऱ्या बाजूनेही या प्रतिमेला खतपाणी मिळालं. जानेवारी १९४२ मध्ये ब्रिटिश संसदेत चर्चिलने त्याला 'थोर सेनापती' म्हटलं. आफ्रिकेत वारंवार मार खाल्ल्यावर शत्रू असामान्य होता असं सांगणं सोयीचंच होतं. १९५० साली त्याचं गाजलेलं इंग्रजी चरित्र लिहिलं ते डेझमंड यंग या ब्रिटिश भारतीय लष्करातल्या ब्रिगेडियरने, आणि प्रस्तावना लिहिली त्याच रोमेलशी लढलेल्या ब्रिटिश सेनापती ऑकिनलेकने. यंग १९४२ साली वाळवंटात पकडला गेला होता. एका जर्मन अधिकाऱ्याने सांगितलेलं काम करायला त्याने नकार दिला तेव्हा रोमेलने त्याची बाजू घेतली, हा त्याचा स्वतःचा अनुभव. ऋण वाटणं माणुसकीला धरून आहे. पण एका कैद्याच्या ऋणातून सगळ्या जगाने एका सेनापतीचा हिशेब मांडावा, हे मला पटत नाही. पुढे १९५५ साली पश्चिम जर्मनीने नवं लष्कर उभं केलं तेव्हा ज्याचं नाव छावणीला देता येईल असा एक 'स्वच्छ' सेनानी हवाच होता. रोमेलचं नाव छावण्यांना मिळालं, एका विनाशिकेलाही मिळालं.

आता पेट्रोल. या मुद्द्यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तो सगळ्यांना पटतो आणि तोच सगळ्यात चुकीचा आहे.

१२ फेब्रुवारी १९४१ ला रोमेल लिबियातल्या त्रिपोलीत उतरला तेव्हा त्याचं काम ठरलेलं होतं: हरत चाललेल्या इटालियनांना आधार द्यायचा आणि ब्रिटिशांना तिथेच थोपवायचं. मोठं आक्रमण दुसरी जर्मन डिव्हिजन आल्याशिवाय करायचं नाही, असं त्याला बजावलं होतं. मार्च संपायच्या आत त्याने चढाई सुरू केली. बर्लिनमध्ये जर्मन लष्कराचा चीफ ऑफ जनरल स्टाफ हाल्डर इतका वैतागला की एप्रिलमध्ये त्याने पाउलुसला पाहणीसाठी धाडलं. हा पाउलुस म्हणजे पुढे स्टालिनग्राडला शरण गेलेला तोच. हाल्डरच्या रोजनिशीत रोमेलचा उल्लेख डोकं फिरलेला सैनिक असा आहे. हाल्डरला तो आवडत नसे हे खरं, पण हाल्डरचा हिशेब बरोबर होता.

त्रिपोली ते बेनगाझी सुमारे १,००० किलोमीटर. तिथून तोब्रुक बंदर आणखी साडेचारशे. तोब्रुकहून इजिप्तमधलं अल अलामीन पाचशेच्या वर. एकच डांबरी किनारी रस्ता, वरून ब्रिटिश विमानं. त्या रस्त्याने पेट्रोल घेऊन निघालेला ट्रक त्यातलं पेट्रोल पीतच जातो, आणि अंतर जितकं वाढतं तितकं टोकाशी कमी पोचतं. भूमध्य समुद्रात जहाजं बुडत होती, हे खरंच. पण इटलीहून आलेला बराच माल बंदरात उतरूनही आघाडीपर्यंत पोचत नव्हता. ही अडचण कुणी मागून केलेल्या दगाफटक्याची नव्हती. रोमेलने स्वतः निवडलेल्या अंतराची होती. पानिपताची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला रसद तुटली की काय होतं ते वेगळं सांगावं लागू नये.

यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडल्यावर ठरल्याप्रमाणे आधी माल्टा बेट घ्यायचं होतं. इटलीच्या जहाजांवर हल्ले तिथूनच होत. भूमध्य भागातला जर्मन सरसेनापती केसेलरिंग याचा आग्रह माल्टाचा होता. रोमेलने हिटलरकडे थेट धरणं धरलं, आता थांबायचं नाही, इजिप्तमध्ये घुसायचं. हिटलरने त्याचं ऐकलं आणि माल्टा मागे पडलं. म्हणजे ज्या पेट्रोलच्या अभावाचं रडगाणं त्याच्या नावाने आजवर गायलं जातं, तो अभाव वाढवण्यात त्याचा स्वतःचा हात होता.

त्याच्या 'अंतर्ज्ञाना'बद्दलही बोललं पाहिजे. कैरोतला अमेरिकेचा लष्करी प्रतिनिधी बॉनर फेलर्स रोज वॉशिंग्टनला ब्रिटिशांच्या हालचालींचा सविस्तर अहवाल धाडत असे. इटालियनांनी १९४१ साली रोममधल्या अमेरिकी दूतावासातून त्या संकेतलिपीची नक्कल पळवली होती. जून १९४२ अखेरपर्यंत फेलर्सचे अहवाल रोमेलच्या टेबलावर येत होते. १० जुलैला तेल अल ईसा इथे ऑस्ट्रेलियन सैनिकांनी त्याची बिनतारी संदेश ऐकणारी तुकडीही पकडली. त्यानंतरच्या रोमेलकडे ती जुनी जादू उरलेली दिसत नाही.

'एकही युद्धगुन्हा नाही.' इथे न्याय करायचा तर दोन्ही बाजू मांडायला हव्यात. पकडलेल्या कमांडोंना ठार करण्याचा हिटलरचा ऑक्टोबर १९४२ चा हुकूम रोमेलने आफ्रिकेत अंमलात आणला नाही, अशी त्याच्या अधिकाऱ्यांची साक्ष आहे. वाळवंटातली लढाई पूर्व आघाडीच्या मानाने कमी क्रूर होती, हेही खरं. पण मे १९४० मध्ये गाडीत बसायला तीनदा नकार देणाऱ्या एका फ्रेंच लेफ्टनंट कर्नलला आपण गोळी घालायला लावली, हे रोमेलने स्वतःच लिहून ठेवलं आहे. सप्टेंबर १९४३ मध्ये उत्तर इटलीत त्याने काढलेल्या आदेशात, कालपर्यंत सोबत लढलेले जे इटालियन सैनिक जर्मनांविरुद्ध शस्त्र उचलतील त्यांना चांगल्या वागणुकीचा हक्क उरत नाही, त्यांच्याबद्दल भावनिक होऊ नका, असं बजावलं आहे. इटलीच्या शरणागतीनंतर लाखो इटालियन सैनिक जर्मनीत वेठबिगारीला नेले गेले. रोमेलचा आर्मी ग्रुप त्या निःशस्त्रीकरणाचा एक भाग होता.

आणि वाल्टर राउफ. पूर्व युरोपात माणसांना विषारी वायूने मारणाऱ्या बंद गाड्यांची व्यवस्था पाहणारा हा एसएस अधिकारी. जुलै १९४२ मध्ये तो तोब्रुकला आला. त्याच्या हाताखालची एक छोटी तुकडी रोमेलच्या सैन्यामागून इजिप्तमध्ये आणि तिथून पॅलेस्टाइनमध्ये जायची होती. तिथल्या ज्यूंचं काय करायचं होतं ते वेगळं सांगायला नको. ती तुकडी अथेन्सला वाट बघत बसली, कारण अल अलामीनची आघाडी हलली नाही. रोमेलने तो बेत आखला होता असं मी म्हणत नाही. पण 'पेट्रोल मिळालं असतं तर' असं हळहळत लिहिणाऱ्याने क्षणभर थांबून त्या 'तर' नंतर कोण चालत येणार होतं हे पाहावं.

कटाबद्दल थोडक्यात. १५ जुलै १९४४ च्या टिपणात त्याने हिटलरला सांगितलं की नॉर्मंडीची आघाडी फार काळ टिकणार नाही, योग्य तो निष्कर्ष काढा. कटातले काही लोक, विशेषतः होफाकर, त्याला भेटले होते. त्याचा चीफ ऑफ स्टाफ श्पायडेल कटवाल्यांच्या जवळचा होता. १७ जुलैला विमानाच्या माऱ्यात तो गंभीर जखमी झाला आणि २० जुलैला बॉम्ब फुटला तेव्हा इस्पितळात होता. हिटलरला ठार करण्याच्या बेताला त्याची संमती होती का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि तो कटात नव्हता असं युद्धानंतर लुसीनेच सांगितलं. १४ ऑक्टोबरला दोन जनरल हेरलिंगेनच्या घरी विष घेऊन आले आणि कुटुंबाला त्रास होऊ नये म्हणून त्याने ते घेतलं. हा शेवट दुःखद आहे. पण युद्ध हरतंय हे कळल्यावर तह करावा म्हणणं आणि हिटलरशाहीविरुद्ध उभं राहणं यांत फरक आहे, आणि १९४२ चा जिंकणारा रोमेल असं काही म्हणत नव्हता.

आता ते छायाचित्र. ते खरं आहे. फेब्रुवारी १९४४, फ्रान्सचा अटलांटिक किनारा. समोर उभे आहेत ते फ्री इंडिया लीजनचे, म्हणजे ९५० व्या रेजिमेंटचे सैनिक. रोमेल तेव्हा किनाऱ्यावरच्या तटबंदीची पाहणी करत फिरत होता, जे जे सैन्य त्या किनाऱ्यावर होतं ते बघत होता. त्यात हेही आले. नेताजींनी हे लीजन उभं केलं होतं, पण फेब्रुवारी १९४३ मध्येच ते पाणबुडीतून पूर्वेकडे गेले होते. त्यांच्यामागे या जवानांना जर्मनांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला उभं केलं आणि १९४४ च्या ऑगस्टात वाफेन-एसएसमध्ये वर्ग केलं. ते तिथे का गेले, कुणी देशासाठी, कुणी तुरुंगातल्या उपासमारीला कंटाळून, याचा निवाडा मी करणार नाही. पण त्यांच्यातले बहुतेक आले कुठून? उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय कैद्यांतून. म्हणजे रोमेलच्या सैन्याने केलेल्या कैद्यांतूनच.

त्या कैद्यांचं काय झालं हे त्या छायाचित्राखाली लिहिलेलं नसतं. २७ मे १९४२ ला बिर हकीमजवळ तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड 'आरिएते' या इटालियन डिव्हिजनच्या रणगाड्यांखाली चिरडली गेली. १ जुलैला देर अल शेनला नुकतीच इराकहून आलेली अठरावी इंडियन ब्रिगेड दिवसभर झुंजून संपली, पण तिने रोमेलच्या उरलेल्या ५५ रणगाड्यांपैकी १८ निकामी केले आणि अलामीनची आघाडी उभी राहायला एक अख्खा दिवस मिळवून दिला. या दोन तारखांच्या मध्ये तोब्रुक.

२० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय कोपऱ्यावर घाव घातला. तिथे अकराव्या इंडियन ब्रिगेडची पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती, 'काळी पाचवी'. आदल्या वर्षी इरिट्रियात केरेनच्या डोंगरात लढून आलेली पोरं. खंदक वाळूने भरत आले होते आणि सुरुंगांपैकी कितीतरी आधीच काढून तोब्रुकच्या पश्चिमेला गझालाच्या आघाडीवर नेले होते. आधी स्टुका विमानं आली, मग तोफा, मग रणगाडे. काही तासांत तटबंदी फुटली. दुसऱ्या दिवशी तोब्रुकच्या फौजेचा सेनापती जनरल क्लॉपर शरण गेला आणि सुमारे ३३,००० जण कैदेत पडले. रोमेल लगोलग फील्ड मार्शल झाला. मराठा पलटणीतले जे वाचले त्यांच्या वाट्याला युद्धकैद्यांचे तळ आले.

अल अलामीनच्या युद्धस्मशानभूमीत एक वेगळं स्मारक आहे. तिथे इजिप्त आणि लिबियात ज्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दहन झालं, अशा सहाशेहून अधिक सैनिकांची नावं कोरलेली आहेत. ग्रुपवर पुढच्या वेळी ते छायाचित्र आलं की मी त्या स्मारकाचा फोटो टाकणार आहे.