‘हजारो ड्रग माफियांना माफी’: एका वाक्यात चार घोळ

पद सोडताना, जानेवारी २०२५मध्ये, बायडेन यांनी ड्रग प्रकरणांतल्या जवळपास २,५०० कैद्यांच्या शिक्षा कमी केल्या. त्यावरून एक वाक्य अजून फिरतंय: ‘अमेरिकेने हजारो ड्रग माफियांना माफ करून मोकाट सोडलं, आता ते पुन्हा तोच धंदा करणार.’

माफ? शिक्षा कमी झाली म्हणून गुन्हा पुसला जात नाही. दोषी ही नोंद तशीच राहते. अॅलिस जॉन्सन यांना कोकेन प्रकरणात, पहिल्याच गुन्ह्यात, जन्मठेप झाली, तीही पॅरोलविना. २१ वर्षं आत काढल्यावर २०१८मध्ये ट्रम्प यांनी ती कमी केली. अलाबामातल्या तुरुंगातून बाहेर पडताच त्या रस्ता ओलांडून घरच्यांकडे धावत सुटल्या होत्या. पूर्ण माफी मात्र २०२०मध्ये, वेगळ्या आदेशाने मिळाली.

माफिया म्हणाल, तर १९८६चा कायदा बघा. ५ ग्रॅम क्रॅक, म्हणजे ओढायचं खड्यांसारखं कोकेन, विकायला बाळगलं की किमान ५ वर्षं कैद व्हायची. साखर मोजली तर जेमतेम चमचाभर! पावडर कोकेनला तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम लागायचे. २०१०मध्ये नव्या कायद्याने ही तफावत १००वरून १८ पटींवर आली, पण जुन्या कैद्यांना त्या नव्या कायद्याचा फायदा मिळायला २०१८ उजाडलं. बडे मासे कधी सुटतच नाहीत असं नाही. ‘सिल्क रोड’ हा ड्रग विक्रीचा छुपा ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या रॉस उलब्रिक्टला ट्रम्प यांनी २०२५मध्ये पूर्ण माफी दिली. राग काढायचाच तर तिथे काढा.

पुन्हा तोच धंदा? २००७मध्ये क्रॅकच्या शिक्षांचे नियम सौम्य झाले; त्यामुळे लवकर सुटलेल्या कैद्यांचा तिथल्या शिक्षा आयोगाने पाच वर्षं माग काढला. त्यांतले ४३.३ टक्के पुन्हा अटकेत किंवा नियमभंगात सापडले; पूर्ण शिक्षा भोगलेल्यांतले ४७.८. आकडा सुखाचा नाही, मान्य. पण लवकर सोडल्याने तो वाढलेला नाही.

राहिलं ‘मोकाट’. बहुतेकांच्या मागे सुटकेनंतरही काही वर्षं देखरेख असते: लघवीचा नमुना द्या, हद्दीबाहेर जायचं तर अधिकाऱ्याला विचारा. वीस वर्षांनी सुटलेला माणूस दारापाशी येऊन नुसता उभा राहतो, कारण इतकी वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलेलं असतं. मग नोकरीचा अर्ज. ‘कधी दोषी ठरला आहात का?’ या चौकटीत खूण करायची, आणि मधल्या वीस वर्षांच्या अनुभवाचा रकाना रिकामा ठेवायचा.