मीटर आहे ना, मग बिल रीडिंगवरच हवं

दुकानाचं किंवा हॉटेलचं पाणीबिल हातात पडलं की दोनच गोष्टी ऐकू येतात: "लुटायला बसलेत" नाहीतर "भरून टाक, कटकट नको." मला दोन्ही पटत नाहीत.

बिगरघरगुती दर घरगुतीपेक्षा चढा असतो आणि तो असायलाच हवा. कोल्हापूरसाठी काळम्मावाडी धरणातून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे ५३ किलोमीटर पाइपलाइनमधून पाणी आणायचं, शुद्ध करायचं, टाक्यांत चढवायचं, हे फुकटात होत नाही. त्या पाण्यावर जो धंदा करतो त्यानं चार पैसे जादा मोजावेत. पण ते वापरलेल्या पाण्याचे, अंदाजाचे नव्हेत.

हिशेब अवघड नाही. एक युनिट म्हणजे १००० लिटर. चालू रीडिंगमधून मागचं वजा करा, उरलेल्या युनिटला दर लावा. मग सांडपाण्याचा आकार, थकबाकी असेल तर ती. तबकडीवरचे काळे आकडे सहसा पूर्ण युनिटचे, लाल एका युनिटहून कमी पाण्याचे. एवढं कळलं की बिल कुणाला विचारावं लागत नाही.

आमच्या ओळखीच्या एका खानावळवाल्या काकांचं बिल अचानक फुगलं. "मीटर पळतोय," असं त्यांचं ठाम मत. दुपारची जेवणं उरकल्यावर, नळाला पाणी चालू असताना, सगळ्या तोट्या बंद केल्या. हौद काठोकाठ भरलेला. मीटरवरचा चिखल फडक्यानं पुसला, तर आतली चकती गरगर फिरतेय! हौदाचा बॉल कॉक, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारी तोटी, झिजलेला आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात सोडलेला, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांना काही दिसतच नव्हतं. मिनिटाला १० लिटर धरा, हौद भरल्यावर रोज तीन तास. दिवसाला १८०० लिटर, महिन्याला ५४ युनिट, तेही चढ्या दरानं. मीटर बिचारा खरं बोलत होता.

म्हणूनच बंद मीटरवर मागच्या महिन्यांच्या सरासरीनं लावलेलं बिल मला सर्वात जास्त खटकतं. अंबाबाईच्या नवरात्रात लॉज भरभरून चालतात. त्या महिन्यांची सरासरी पावसाळ्यात रिकाम्या खोल्यांवर बसली, तर मालक बुडतो. उलट मंदीतली सरासरी सीझनमध्ये लागली, तर ज्याला पाणी जास्त लागलं तो स्वस्तात सुटतो आणि भार बाकीच्यांवर येतो. दोन्ही अन्यायच. शिवाय सरासरीवर बिल येणार हे एकदा कळलं की गळकी तोटी दुरुस्त करायला कोण जाणार? पाणी वाचवण्याचं कारणच संपतं.

खाली दुकान, वर घर असेल तर जोडण्या वेगळ्या घ्या, खर्च झाला तरी. एकाच मीटरवर दोन्ही असतील तर घरातल्या आंघोळीचं पाणीही दुकानाच्या दरानं मोजलं जाण्याची भीती राहते.

माझी मागणी सरळ आहे. प्रत्येक बिलावर मागचं आणि चालू रीडिंग, दोन्ही तारखा आणि तबकडीचा फोटो असावा. सरासरी लावली असेल तर ती कोणत्या महिन्यांची, हेही छापावं. आणि धंदेवाल्यांनो, तुम्हीही दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा. मीटर बंद दिसला तर तोंडी सांगून गप्प बसू नका. लेखी अर्ज द्या, त्यावर शिक्का मारून पोच घ्या आणि ती बिलांच्या फायलीला लावा.